चाळीतला १००० क्विंटल उन्हाळ कांदा कधी काढायचा, हे गणिताने कसं ठरवावं?

हिशेबनीस_निफाड

एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी विचारतो आहे. सभासदांचा मिळून १००० क्विंटल उन्हाळ कांदा एप्रिल-मे महिन्यात चाळींत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडांत, भरला आहे. दर महिनाअखेरीस संचालक मंडळ बसतं आणि दरवेळी एकच विषय निघतो, आता काढायचा की थांबायचं? खरिपाचा पोळ कांदा बाजारात जोर धरायच्या आत, म्हणजे ऑक्टोबरअखेर, चाळ रिकामी करायची आहे. खेळत्या भांडवलाच्या कर्जावर वर्षाला १२ टक्के व्याज आहे. निवड, मजुरी, राखण धरून भरलेल्या क्विंटलमागे महिन्याला २० रुपये जातात.

भरलेल्या १०० किलोंपैकी विक्रीलायक माल जूनअखेर ९४ किलो, जुलैअखेर ८८, ऑगस्टअखेर ८०, सप्टेंबरअखेर ७० आणि ऑक्टोबरअखेर ६० किलो उरेल असं धरलं आहे. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या बाजार समित्यांचे दहा वर्षांचे रोजचे भाव उतरवून ठेवले आहेत.

सध्याची पद्धत साधी आहे. प्रत्येक महिन्याचा अपेक्षित भाव काढायचा, त्याला उरलेल्या मालाने गुणायचं, खर्च-व्याज वजा करायचं आणि ज्या महिन्याचा आकडा मोठा तो महिना पक्का करायचा. या हिशेबाने जुलै येतो. भाव इतका वरखाली होत असताना असा एक महिना आधीच ठरवणं बरोबर आहे का? डिसिजन ट्री, डायनॅमिक प्रोग्रॅमिंग ही नावं वाचली आहेत. एक्सेलमध्ये बसेल असं, आकड्यांसह कोणी समजावेल का?

उलटगणती

महिना आधी पक्का करणं हीच या पद्धतीची मोठी चूक आहे. जुलै उजाडेल तेव्हा जुलैचा भाव तुमच्या डोळ्यांसमोर असेल. तो पाहून निर्णय बदलता येतो, आणि या मुभेला पैशांत मोजता येणारी किंमत आहे. तुमच्या हिशेबात ती शून्य धरली गेली आहे. तुम्हाला 'अमुक महिन्यात विका' असं उत्तर नको, 'अमुक महिन्यात भाव अमुक असेल तर विका, नाहीतर थांबा' असा नियम हवा. तो शेवटच्या महिन्याकडून मागे येत काढायचा असतो. रिचर्ड बेलमन यांनी १९५०च्या दशकात मांडलेलं डायनॅमिक प्रोग्रॅमिंग ते हेच.

भावाचे तीन पट्टे करा. १४०० रुपयांखाली 'पडता', १४०० ते २४०० 'मध्यम', त्यावर 'चढा'. प्रत्येक पट्ट्यासाठी एक प्रातिनिधिक भाव घ्या: १०००, १८०० आणि ३०००. हे सगळे वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता हाती पडणारे भाव समजा. मग या महिन्यात भाव एका पट्ट्यात असेल तर पुढच्या महिन्यात तो कुठे जाईल याच्या शक्यता लिहा. समजावण्यापुरते मी हे आकडे धरतो, तुमचे तुमच्या नोंदींतून काढा:

पडत्यातून: पडता ०.६, मध्यम ०.३, चढा ०.१
मध्यममधून: पडता ०.२, मध्यम ०.५, चढा ०.३
चढ्यातून: पडता ०.१, मध्यम ०.३, चढा ०.६

व्याज महिन्याला १ टक्का, म्हणून पुढच्या महिन्याच्या रुपयाला ०.९९ ने गुणायचं.

ऑक्टोबरअखेर पर्यायच नाही, विकायचंच. भरलेल्या प्रत्येक क्विंटलमागे ६० किलो उरले, म्हणून पडत्या भावात ६००, मध्यममध्ये १०८० आणि चढ्यात १८०० रुपये.

आता सप्टेंबर. ७० किलो हाती. भाव मध्यम असेल तर आज विकून १२६० मिळतात. थांबलो तर ०.२ × ६०० + ०.५ × १०८० + ०.३ × १८०० = १२००, त्याचे ०.९९ ने ११८८, त्यातून २० वजा, म्हणजे ११६८. विका. भाव पडता असेल तर आज ७००, थांबलो तर ८३५. थांबा. चढ्याला आज २१००, थांबून १४२९, तेव्हा विकाच. प्रत्येक पट्ट्यातला मोठा आकडा (८३५, १२६०, २१००) हे सप्टेंबरचं मूल्य झालं. ऑगस्टचा हिशेब करताना ऑक्टोबरकडे पाहायचंच नाही, या तीन आकड्यांवरच सगळं चालतं. एक्सेलमध्ये प्रत्येक घरात मोठा आकडा निवडणारं एक 'मॅक्स' आणि शक्यता-मूल्यांच्या गुणाकारांची बेरीज करणारं एक 'समप्रॉडक्ट' पुरतं.

असंच मागे जूनपर्यंत आलं की निकाल असा निघतो. भाव चढा असेल तर कुठल्याही महिन्यात विका. पडता असेल तर थांबा. खरा पेच मध्यम भावाचा आहे. जूनअखेर विकून १६९२, थांबून १८१६, थांबा. जुलैअखेर १५८४ विरुद्ध १६१५, थांबा, पण फरक जेमतेम ३१ रुपयांचा. ऑगस्टअखेर १४४० विरुद्ध १३९३, विका. सप्टेंबरचं वर पाहिलंच.

तुमच्या पद्धतीने, जूनअखेर भाव मध्यम असताना 'जुलैत विकायचंच' ठरवलं तर अपेक्षित १७२२ येतात. भाव पाहून ठरवण्याच्या नियमाने १८१६. क्विंटलमागे साधारण ९३ रुपये, १००० क्विंटलला ९३ हजारांच्या आसपास. यात भावाचा अंदाज एका पैशाने सुधारलेला नाही, फरक सगळा निर्णय लांबणीवर टाकता येण्याचा आहे.

मंडळापुढे मांडायला आणखी सोपं रूप हवं असेल तर थांबण्याचं मूल्य उरलेल्या मालाने भागा. मध्यम पट्ट्यासाठी राखीव भाव मिळतो: जून १९३२, जुलै १८३५, ऑगस्ट १७४१, सप्टेंबर १६६९. हाती पडणारा भाव यावर गेला की माल काढा. मात्र हे आकडे १४०० ते २४०० या पट्ट्यापुरतेच खरे आहेत, कारण पट्टा बदलला की पुढच्या शक्यताही बदलतात.

वखारदार

वरची मांडणी पटली. पण ९४-८८-८०-७०-६० ही ओळ या गणितातली सगळ्यात नाजूक जागा आहे आणि ती बहुतेक ठिकाणी ऐकीव असते. जुलैतला तो ३१ रुपयांचा फरक पाहा. ऑगस्टमध्ये सड ६ किलोंनी जास्त धरली, म्हणजे पुढची ओळ ७४-६४-५४ केली, तर जुलैच्या मध्यम भावात थांबण्याचं मूल्य १६१५ वरून १४८८ वर येतं आणि निर्णय उलटतो. विकून १५८४ मिळत असताना थांबणं म्हणजे क्विंटलमागे ९६ रुपयांचा तोटा.

घट तीन वेगळ्या कारणांनी होते आणि प्रत्येकीचा काळ वेगळा. पाणी उडून वजन कमी होतं ते मुख्यतः मे-जूनच्या उन्हात. सड आणि काजळी (काळी बुरशी) जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत वाढते. कोंब सप्टेंबरनंतर, कांद्याची सुप्तावस्था संपते आणि रात्री गार होऊ लागतात तेव्हा. म्हणून दर महिन्याला सारखी टक्केवारी लावू नका. सरळ रेषा धरली की जून-जुलैची घट फुगते, ऑगस्टनंतरची दबते, आणि मॉडेल नेमकं चुकीच्या वेळी थांबायला सांगतं.

मोजायची रीत: चाळ भरतानाच प्रत्येक चाळीत ५-६ जाळीच्या पिशव्या वजन करून, चिठ्ठी बांधून ढिगात ठेवा. काही तळाशी, काही मध्ये, काही वर. दर १५ दिवसांनी काढून वजन करा, सडके आणि कोंब आलेले वेगळे तोला, चांगले परत ठेवा. कडेच्या पिशव्यांवर विसंबू नका, कडेला हवा खेळते आणि तिथला माल नेहमी चांगला दिसतो.

सगळ्या चाळींना एकच ओळही लावू नका. एन-२-४-१ किंवा भीमा शक्तीसारखा टिकाऊ वाण, पात सुकवून मान दीड इंच ठेवून कापलेला, सावलीत नीट सुकवलेला माल आणि काढणीच्या वेळी पावसात सापडलेला माल यांच्या घटीत दुपटीचा फरक पडू शकतो. जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली, तळाने हवा घेणारी चाळ आणि पाच फुटांहून उंच ढीग लावलेली चाळ यांचंही तसंच. चाळींचे दोन-तीन गट करा आणि प्रत्येकाची वेगळी शीट चालवा. बहुतेकदा निष्पन्न असं होतं की कमजोर गट जूनमध्ये काढायचा आणि टिकाऊ गट ठेवायचा. नुसत्या भावाकडे पाहून हे कळत नाही.

आणखी एक गोष्ट राहते. उरलेल्या मालाचा दर्जाही घसरतो. पत्ती (वरचं साल) गेलेला, रंग उतरलेला कांदा सर्वसाधारण दराने जात नाही. मॉडेलमध्ये भाव × वजन एवढंच ठेवलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरचं मूल्य फुगतं. मागच्या हिशेबपट्ट्या काढा, तुमच्या मालाला मिळालेला भाव भागिले त्या दिवसाचा बाजार समितीचा सर्वसाधारण दर, असं महिनावार गुणोत्तर काढा आणि त्याने गुणा.

संख्याशास्त्र_पुणे

शक्यतांच्या तक्त्याबद्दल लिहितो, कारण दहा वर्षांच्या नोंदींवरून तो काढताना हमखास घोळ होतो.

रोजचे भाव दहा वर्षांचे असले तरी 'जुलैअखेर ते ऑगस्टअखेर' अशा उड्या फक्त दहाच आहेत. तक्त्यात नऊ घरं. दहा नोंदींत नऊ घरं भरायला गेलात तर तीन-चार घरांत शून्य येईल, आणि मॉडेल समजेल की पडत्यातून चढ्यात जाणं अशक्यच आहे. दोन उपाय एकत्र करा. जून-जुलैच्या उड्या एका तक्त्यात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या दुसऱ्यात, म्हणजे प्रत्येकी वीस नोंदी होतील. आणि मोजणीआधी प्रत्येक घरात १ मिळवा. उदाहरणार्थ मध्यममधून निघालेल्या ९ उड्यांपैकी २ पडत्यात, ४ मध्यममध्ये, ३ चढ्यात गेल्या असतील तर शक्यता ३/१२, ५/१२, ४/१२ अशा लिहा.

हंगामाचे तक्ते वेगळे हवेतच. पावसाळ्यात नवी आवक फारशी नसते, देश मुख्यतः चाळींतल्या मालावर चालतो, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चढ्याकडे कल असतो. पोळ कांदा आला की तो कल उलटतो. वर्षभराचा एकच तक्ता केला की या दोन्ही गोष्टी एकमेकींत विरून जातात.

पट्ट्यांच्या सीमा रुपयांत कायम ठेवू नका. दहा वर्षांपूर्वीचे १४०० आणि आजचे १४०० एक नव्हेत. प्रत्येक वर्षीचा भाव त्याच वर्षीच्या मे महिन्याच्या सर्वसाधारण दराने भागा आणि पट्टे त्या गुणोत्तरावर पाडा, शेवटी चालू मेच्या दराने गुणून रुपयांत आणा. दर 'सर्वसाधारण'च घ्या, कमाल दर नको. कमाल दर एखाद्या ट्रॉलीला मिळालेला असतो. आणि महिनाअखेरचा एकच दिवस न घेता शेवटच्या आठवड्याचा मध्यांक (दर चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) घ्या, नाहीतर सुट्टीनंतरच्या एका दिवसाची आवक सगळा पट्टा बदलून टाकते.

'पडता असेल तर थांबा' हा निकाल तर डोळे मिटून घेऊच नका. तो पडत्यात टिकून राहण्याच्या ०.६ या एका आकड्यावर उभा आहे. सप्टेंबरमध्ये थांबण्याचा फायदा ८३५ वजा ७००, म्हणजे १३५ रुपये दिसतो. तो तक्ता ०.८, ०.१५, ०.०५ केला तर थांबण्याचं मूल्य ७०५ होतं, फायदा फक्त ५ रुपये. ०.८५, ०.१२, ०.०३ केला तर ६६७, आणि निर्णय 'विका' असा फिरतो. ज्या वर्षी उन्हाळ कांद्याची लागवडच भरमसाट झाली असेल त्या वर्षी पडता भाव पडताच राहण्याची शक्यता सरासरीपेक्षा जास्त असते. त्या वर्षी तक्ता वेगळा घ्या.

तपासणीसाठी एक वर्ष बाजूला ठेवा, उरलेल्या नऊ वर्षांवरून तक्ता करा, आणि बाजूला ठेवलेल्या वर्षात नियम चालवून पाहा. असं दहाही वर्षांचं करा. तुलना दोन गोष्टींशी: 'दरवर्षी जूनमध्येच सगळं विकलं' आणि 'पुढचं सगळं आधीच कळलं असतं तर'. ज्या वर्षावरून तक्ता केला त्याच वर्षावर तपासलं तर निकाल नेहमी सुंदरच येतो, त्याला काही अर्थ नाही.

हिशेबनीस_निफाड

शीट उभी राहिली, आकडे जुळले. संख्याशास्त्र_पुणे, तक्ते तुम्ही सांगितल्याप्रमाणे पुन्हा करतो. मंडळाचा आक्षेप वेगळाच आला. ते म्हणतात, सरासरी १८१६ येईल हे खरं, पण आपण या वर्षी एकदाच विकणार. भरलेल्या क्विंटलमागे १२०० रुपये हाती नाही आले तर कर्जाचा हप्ता आणि सभासदांची उचल दोन्ही अडकतं. मग काय करायचं?

जोखीमवही

आक्षेप अगदी रास्त आहे. वरचं गणित सरासरी वाढवतं, वाईट वर्षाकडे ते वेगळं पाहत नाही.

आधी वाईटाची शक्यता मोजू. जूनअखेर भाव मध्यम आहे आणि तुम्ही नियमाने थांबलात. ऑगस्टअखेर माल हाती आणि भाव पडता, अशी शक्यता ०.२ × ०.६ + ०.५ × ०.२ = ०.२२. तिथून सप्टेंबरमध्येही पडता ०.१३२, ऑक्टोबरमध्येही पडता ०.०७९२. म्हणजे शंभरात साधारण आठ वेळा ऑक्टोबरला १००० च्या भावाने ६० किलो विकावे लागतील. व्याज आणि खर्च वजा करून जूनच्या रुपयांत ते ४९८ होतात. त्यावरची वाईट अवस्था म्हणजे सप्टेंबरपर्यंत पडता आणि ऑक्टोबरला मध्यम, तिची शक्यता ०.०३९६ आणि हाती ९५९. सगळ्यात वाईट १० टक्के प्रसंगांची सरासरी काढली तर (०.०७९२ × ४९८ + ०.०२०८ × ९५९) ÷ ०.१, सुमारे ५९३ रुपये. मंडळाला भीती आहे ती या आकड्याची, आणि सरासरीच्या शीटमध्ये तो कुठेच दिसत नाही.

काही भाग जूनमध्येच १६९२ ने काढला तर त्या भागाची जोखीम संपते. किती काढायचा? वाईट प्रसंगांची सरासरी १२०० च्या खाली जाऊ नये अशी अट घाला. काढायचा हिस्सा = (१२०० − ५९३) ÷ (१६९२ − ५९३) = ०.५५. भरलेल्या १००० पैकी ५५० क्विंटलचा माल जूनअखेर काढा, ४५० चा नियमाने चालवा. याची किंमत म्हणजे सोडलेली सरासरी कमाई, ०.५५ × १२४, भरलेल्या क्विंटलमागे ६८ रुपये. १००० क्विंटलला ६८ हजार. हा विम्याचा हप्ता समजून मंडळापुढे ठेवा. १२०० ऐवजी १००० ची अट घातली तर हिस्सा ३७ टक्क्यांवर येतो आणि हप्ता ४६ हजारांवर. किती निवांतपणा किती रुपयांना घ्यायचा ते मंडळाने ठरवावं, शीटने नव्हे.

हे लक्षात घ्या की निव्वळ सरासरीच्या मॉडेलमधून 'थोडं आज, थोडं उद्या' असं उत्तर कधीच येत नाही. ते एकतर सगळं विका म्हणतं किंवा सगळं ठेवा. टप्प्याटप्प्याने विकण्याला कारण लागतं. एक कारण वर आलं. दुसरं, चाळीच्या गटांची वेगवेगळी घट, जी वखारदार यांनी सांगितली. 'सगळी अंडी एका टोपलीत नको' एवढ्यावर निम्मे-निम्मे करू नका, हिस्सा मोजून काढा.

आता सरकारी निर्णयांबद्दल, कारण तीन पट्ट्यांच्या तक्त्यात ते मावत नाहीत. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याहून स्वस्तात निर्यात करता येईना. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये ती ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्कासह उघडली, १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. यातल्या तारखा पाहा. शुल्क ऑगस्टमध्ये लागलं, म्हणजे तुमचा माल चाळीत असतानाच, आणि असे निर्णय शहरांत भाव चढले की येतात. म्हणून चढ्या भावातून चढ्यातच राहण्याची शक्यता कागदावर ०.६ दिसली तरी निर्यात खुली असताना तिला ऑगस्टनंतर खाली ओढणारं एक बळ कायम असतं. भाव स्थिरीकरण निधीतून नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांनी उन्हाळ्यात घेतलेला साठाही साधारण याच काळात बाजारात उतरतो.

मांडणीत हे आणायचं तर पट्टे तीनऐवजी सहा करा, 'खुली निर्यात' आणि 'रोखलेली निर्यात' यांचे प्रत्येकी तीन. खुलीतून रोखलेलीत जाण्याची शक्यता भाव चढा असताना जास्त ठेवा. हा आकडा भूतकाळातून मोजता येणार नाही, प्रसंगच फार थोडे आहेत. ०.०५, ०.१५, ०.३० असे तीन धरून शीट तीनदा चालवा आणि निर्णय कुठे बदलतो तेवढं पाहा. तिन्हींत एकच उत्तर आलं तर त्या आकड्यावर वेळ घालवू नका.

उलटगणती

दोन व्यवहारी गोष्टी राहिल्या. ५५० क्विंटल भरलेल्याचा जूनअखेर ५१७ क्विंटल माल होतो. तो एका दिवसात एकाच आवारात उतरवू नका. दोन आठवडे हाताशी ठेवा, पिंपळगाव आणि लासलगाव दोन्हीकडे विभागा, आणि मॉडेलमध्ये जूनअखेरचा म्हणून त्या दोन आठवड्यांचा सरासरी हाती पडलेला भाव भरा. निवडीला लागणारी मजूरसंख्या आधी पाहा. नियम 'विका' म्हणाला आणि माल चाळीतून निघायला दहा दिवस लागले तर त्या दहा दिवसांची ऑगस्टमधली घटही हिशेबात यायला हवी. तेवढी ती 'आज विका'च्या रकान्यातून वजा करा.

आणि शीट जूनमध्ये एकदा चालवून बंद करू नका. दर महिनाअखेरीस पिशव्यांचं ताजं वजन घालून उरलेल्या महिन्यांसाठी पुन्हा मागे या. ऑगस्टमध्ये ८० ऐवजी ७६ निघाले तर सप्टेंबर-ऑक्टोबरचे ७० आणि ६० तसेच ठेवू नका, तेही त्याच प्रमाणात खाली आणा. नाहीतर मॉडेलला वाटतं की पुढे घट कमी होणार आहे, आणि सडका माल धरून बसायला ते आनंदाने होकार देतं.